दीर्घ-आदेश संगणक
एकाच लांब आदेशात अनेक क्रिया शेजारी शेजारी मांडून त्या एकाच वेळी पार पाडणारी संगणकरचना. रूढ नाव व्हीएलआयडब्ल्यू. कोणती क्रिया कोणत्या चक्रात, कोणत्या घटकावर व्हावी हे इथे कंपायलर आधीच ठरवतो. त्यामुळे क्रियांचे परस्परावलंबन तपासणारी बरीच मंडले चिपवर लागत नाहीत.

दोन शाखांच्या मधला आदेशांचा तुकडा सहसा छोटा असतो. त्यात एकत्र करण्याजोग्या क्रिया थोड्याच सापडतात. जोसेफ फिशर यांच्या ‘ट्रेस शेड्युलिंग’ने (1981) ही अडचण सोडवली. प्रोग्राम ज्या वाटेने जाण्याची शक्यता सर्वाधिक, ती वाट सलग धरून आखणी करायची आणि प्रोग्राम दुसरीकडे वळलाच तर उत्तर चुकू नये म्हणून फाट्यांवर भरपाईचे आदेश घालायचे. फिशर यांनी 1984 मध्ये सहकाऱ्यांसह मल्टिफ्लो कंपनी काढली. तिच्या ट्रेस 28/200 यंत्राचा आदेश 1024 बिटांचा होता आणि त्यात 28 क्रिया मावत. कंपनी 1990 मध्ये बंद पडली.

आयआयटी मद्रासचे पदवीधर बी. रामकृष्ण राऊ यांनी सायड्रा 5 या संगणकात लूपवर भर दिला. लूपची एक फेरी संपण्याआधीच पुढची सुरू केली, तर दोन्ही फेऱ्या एकाच रजिस्टरवर लिहू पाहतात. म्हणून दर फेरीला क्रमांक सरकणारी रजिस्टरे आदेशसंचातच दिली. आदेशसंच आणि आखणी एकत्रच घडवावी लागतात, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी6000 चिपमालिकेत (1997) प्रत्येक 32 बिटी आदेशाचा एक बिट पुढचा आदेश सोबतच चालवायचा का, हे सांगतो. मेमरीतून मागवलेली किंमत मधली चार चक्रे सोडून पाचव्या चक्रात वापरता येते; तोवर रजिस्टरमध्ये जुनीच किंमत असते आणि मध्येच व्यत्यय (इंटरप्ट) येणार नसेल तर ती वापरता येते. अशा विलंबांवर आखणी बेतलेली असल्याने विलंब बदललेल्या नव्या चिपसाठी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो.

इंटेल आणि एचपी यांच्या इटेनियम प्रोसेसरने (2001) 128 बिटांच्या गठ्ठ्यात तीन आदेश बसवले. मात्र सर्वसाधारण प्रोग्राममध्ये माहिती कॅशमध्ये सापडेल की नाही, हे कंपायलरला आधी कळत नाही आणि सगळी आखणी तिथेच अडते. इटेनियमची विक्री 2021 मध्ये थांबली. त्यावरून ही कल्पनाच फसली असे म्हणणे अन्यायाचे आहे: ध्वनी आणि रेडिओ-संदेशांवरील गणिताचा वेळ आधी ठरवता येतो, आणि क्वालकॉमचा हेक्सागॉन प्रोसेसर एका वेळी चारपर्यंत आदेशांचे गठ्ठे घेऊन मोबाइल फोनमध्ये तेच काम करतो.