ब्रेव्हहार्ट : पार्श्वसंगीत

मेल गिब्सन दिग्दर्शित ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) या चित्रपटासाठी अमेरिकन संगीतकार जेम्स हॉर्नर (१९५३–२०१५) यांनी रचलेले वाद्यवृंदसंगीत. वादन लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे, वृंदगान वेस्टमिन्स्टर ॲबीच्या बालगायकांचे.

चित्रपटाचा नायक विल्यम वॉलेस हा स्कॉटिश लढवय्या. १२९७ साली स्टर्लिंगच्या पुलापाशी इंग्रज फौजेचा पराभव आणि १३०५ साली लंडनमध्ये क्रूर देहदंड, या त्याच्या आयुष्यातल्या पक्क्या नोंदी. लोकांच्या मनातला वॉलेस मात्र बराचसा ब्लाइंड हॅरी या कवीच्या पंधराव्या शतकातील दीर्घकाव्याने घडवला. चित्रपटाची भिस्त त्या काव्यावरच आहे, आणि संगीतही इतिहासापेक्षा दंतकथेच्या बाजूने उभे राहते.

याची खूण वाद्यांतच सापडते. पडद्यावर हायलँड बॅगपाइप दिसतो, ऐकू येतो तो आयर्लंडचा इलन पाइप. वादक एरिक रिग्लर. हायलँड पाइप तोंडाने फुंकतात. त्याला नऊच सूर, आवाज लहानमोठा करण्याची सोय नाही आणि पट्टीही वाद्यवृंदाहून चढी. मैदानात तो शोभतो, व्हायोलिनांच्या शेजारी बसवणे कठीण. इलन पाइप बसून वाजवतात. कोपराखालच्या भात्याने त्यात हवा भरली जाते, आवाका सुमारे दोन सप्तकांचा आणि स्वर मऊ. सनईच्या साथीदाराने सूर धरावा तसा आधारस्वर त्यातल्या वेगळ्या नळ्या धरून ठेवतात. हे वाद्य अठराव्या शतकात आकाराला आले, म्हणजे वॉलेसच्या कानावर ते पडण्याचा प्रश्नच नव्हता. टोनी हिनिगन यांनी व्हिसलबरोबर वाजवलेली केना ही बासरी तर थेट दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांमधली. तेव्हा या संगीताचा ‘केल्टिक’पणा अस्सलतेचा नाही, वातावरणाचा आहे, आणि तो पटतो. चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरणही आयर्लंडमध्येच झाले होते.

वडिलांच्या दफनाच्या वेळी एक लहान मुलगी पोरक्या वॉलेसला काटेरी थिसलचे फूल देते, तिथे संगीत सर्वांत कमी बोलते आणि सर्वाधिक लक्षात राहते. लढायांचे तुकडे त्या मानाने ठरावीक वळणाचे आहेत. हॉर्नर स्वतःच्याच जुन्या रचनांचे आकृतिबंध पुन्हा वापरतात, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खोटा नाही. शेवटच्या देहदंडाच्या प्रसंगात मात्र बालस्वर आणि तंतुवाद्ये यांची लांबलेली चढण त्यांनी असामान्य संयमाने सांभाळली आहे.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. संगीताला नामांकनावर थांबावे लागले. पारितोषिक लुईस बाकालोव्ह यांच्या ‘इल पोस्तीनो’कडे गेले. ‘टायटॅनिक’साठी (१९९७) हॉर्नर यांनी इलन पाइप आणि रिग्लर यांना पुन्हा बोलावले, आणि त्या संगीताला ऑस्कर मिळाले.