खाचरावरचा आळ

परवा आजऱ्याहून आलेला घनसाळ शिजला आणि घरभर वास सुटला. या तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळेच किती मिरवलो होतो! पण भाताच्या खाचरांवर एकदा केवढा आळ आला होता, ते मला फार उशिरा कळलं.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हिशेब मांडला, की भारतातली भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन हवेत सोडते. मोजमापं युरोप-अमेरिकेतल्या शेतांची, बिल मात्र आपल्या नावावर! साचलेल्या पाण्याखाली हवा पोचत नाही आणि तिथले सूक्ष्मजीव कुजक्या काडीकचऱ्यापासून मिथेन बनवतात, हे खरंच. पण सगळ्या खाचरांत पाणी सारखं थोडंच साचतं?

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशात ठिकठिकाणी प्रत्यक्ष मोजणी झाली. रोपांवर पेटी पालथी घालायची, आतली हवा सिरिंजने काढून तपासायची. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. म्हणजे जेमतेम नववा हिस्सा.

आमचे आजोबा अधूनमधून बांध फोडून पाणी खालच्या वाफ्यात सोडायचे. खाचर असं मधेच सुकलं की मिथेन कमी होतो म्हणे. आजोबांना अर्थात खालच्या भाऊबंदांशी भांडण नको होतं, एवढंच.