नहर फुटली तर?

मलिक अंबरचे नाव निघाले की आपल्याकडे गनिमी काव्याची चर्चा होते; फार तर जमीनमहसुलाची. त्याची नहर दोन ओळींत आटोपते. १६१० मध्ये खडकी वसवल्यानंतर त्याने डोंगरातला पाझर जमिनीखालच्या बांधीव बोगद्यातून शहरात आणला, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला वेगळेच विचारायचे आहे: नहर मध्येच फुटली, तर मोहल्ल्यांचे काय होई?

उत्तर बांधणीतच आहे. वाटेत ठिकठिकाणी माणूस खाली उतरेल अशी तोंडे ठेवली होती. गाळ काढायला, डागडुजी करायला. पुढे १७४४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पाणचक्कीच्या नहरीत भाजलेल्या मातीचे नळ आले. असा नळ फार दाब सोसत नाही. म्हणून वाटेत उंच मनोरे बांधून पाणी वर चढू दिले. कोंडलेली हवा सुटे, दाब आवरे. वरच्या मनोऱ्यात पाणी आणि खालचा कोरडा, तर बिघाड मधल्याच टप्प्यात! त्याला मीटर कशाला हवा? शिवाय वेगवेगळ्या उगमांच्या आणखी नहरी निघाल्या. एक तुटली तरी सारे शहर तहानत नसे.

तेच औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, आज मुख्यतः जायकवाडीच्या पाण्यावर जगते. तिथली जलवाहिनी फुटली की एकदम कितीतरी वस्त्यांचे नळ कोरडे. इकडे जुन्या नहरींवर घरे उठली, रस्ते खोदताना त्या तुटल्या. उरलेली तोंडे कुठे आहेत हे सांगणारे वडीलधारे हयात आहेत तोवर मोहल्ल्यामोहल्ल्याचा नकाशा करून घ्यायला हवा.