फाउंडेशन रबर : कुर्ल्याची गाडी, पवईचं आवार

आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला रबराचा गोळा. पुस्तकात याला इंजिन माउंट म्हणतात. साकी विहार रोडवरच्या कुठल्याही गॅरेजात तुम्ही ‘माउंट’ म्हणालात तर समोरचा माणूस क्षणभर बघत राहील आणि मग म्हणेल, ‘अच्छा, फाउंडेशन.’ आपणही आज फाउंडेशनच म्हणू. इमारतीचा पाया तसा इंजिनाचा पाया. फरक एवढाच की इमारतीचा पाया हलू नये म्हणून घालतात, आणि हा पाया हलावा म्हणून.

यावर तासभर बोलायचं कारण सांगतो. जुनी गाडी थरथरायला लागली की घरात पहिलं वाक्य येतं, ‘इंजिन गेलं.’ मग कुणीतरी ओव्हरहॉलिंगचा आकडा सांगतं, तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघतो, आणि गाडी भंगारात जाते. कित्येकदा इंजिन ठणठणीत असतं, गेलेलं असतं ते रबर. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५००० वर गेलं, तेव्हापासून हा निर्णय लोक आणखी घाईनं घेतात. म्हणून हे रबर इथं आलं कुठून, आणि ते घरी बदलण्याची आपली सवय गेली कुठं, हे बघितलं पाहिजे.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये असं काही नव्हतंच. इंजिन थेट चासीला बोल्टनं आवळलेलं. चार सिलिंडरचं इंजिन कितीही नीट बनवा, त्याच्या एका फेऱ्यात दोनदा एक हिसका उरतोच. पिस्टनची वरच्या टोकाजवळची चाल आणि खालच्या टोकाजवळची चाल अगदी सारखी नसते, त्यातून तो येतो. म्हणजे थरथर हा बिघाड नाही, ती त्या इंजिनाच्या जन्माबरोबर आलेली आहे. प्रश्न होता तो ही थरथर माणसापर्यंत पोचू न देण्याचा.

१९३१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं आपल्या प्लिमथ गाडीत याचं उत्तर आणलं आणि त्याला नाव दिलं ‘फ्लोटिंग पॉवर’, तरंगती शक्ती. नुसतं मध्ये रबर घातलं एवढंच त्यात नव्हतं. तसे प्रयोग आधीही झाले होते. क्रायस्लरच्या माणसांनी इंजिन पुढं वर आणि मागं खाली असं टेकवलं, की दोन्ही आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जावी. मग इंजिन स्वतःच्याच नैसर्गिक अक्षाभोवती डुलतं, आणि रबर ते डुलणं पिऊन टाकतं. फ्रान्समध्ये सित्रोएननं पुढच्याच वर्षी हे हक्क घेतले आणि गाडीवर तरंगणाऱ्या हंसाचं चित्र लावलं. जाहिरात होती ती, पण खोटी नव्हती.

आता हाच धागा कुर्ल्याला येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि परदेशी भागीदार म्हणून त्यांच्याशी करार केला तो याच क्रायस्लरनं. १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांची वाहनं जोडली जाऊ लागली. मुंबईत याआधीही मोटारी जुळत होत्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. पण तो सुटे भाग आणून जोडण्याचा धंदा होता. १९५३ मध्ये सरकारनं धोरण ठरवलं की इथं टप्प्याटप्प्यानं उत्पादन करणार असाल तर राहा, आणि नुसती जोडणी करणारे निघून गेले. प्रीमियर राहिली. फियाटशी तिचा करार झालाच होता, आणि १९५४ पासून फियाट अकराशे कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. पुढं १९६४ ची ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘पद्मिनी’. अंग थोडं बदललं, १०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं.

अकराशेमध्ये एक गोष्ट क्रायस्लरच्या ट्रकपेक्षा मुळातच वेगळी होती. तिला वेगळी चासी नव्हती. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. चासीवाल्या गाडीत इंजिनाची थरथर आधी जाड लोखंडात जायची, तिथं थोडी जिरायची, मग बॉडीपर्यंत यायची. इथं मात्र पत्र्याला मधला कुणी नाही. फाउंडेशन बसलं की सगळी गाडी डब्यासारखी वाजायला लागते. आणि पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. त्यामुळे थरथर थेट डाव्या हातात. मुंबईच्या टॅक्सीत पुढच्या सीटवर बसलेल्यांना तो नाचणारा दांडा आठवत असेल. आपल्याला वाटायचं टॅक्सी अशीच असते. अशीच नसते हो. तिचं रबर संपलेलं असायचं.

रबर संपतं म्हणजे काय होतं? तीन गोष्टी. वजनानं ते बसतं, म्हणजे इंजिन काही मिलिमीटर खाली येतं. उष्णतेनं आणि हवेतल्या ओझोननं ते कडक होऊन तडकतं. आणि तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त : ऑइल. नैसर्गिक रबराला तेलाचं वावडं. जुन्या इंजिनाच्या गॅस्केटमधून ऑइल झिरपतं, थेंब थेंब फाउंडेशनवर पडतं, रबर फुगतं, मऊ होतं आणि लोखंडापासून सुटतं. म्हणून गळती तशीच ठेवून नवं फाउंडेशन बसवणं म्हणजे फुटक्या घड्यात पाणी भरणं.

आता पवईकडे या. १८९१ चा तलाव, त्याच्या काठी १९५८ पासून आयआयटी, पलीकडे लार्सन अँड टुब्रो. साकीनाक्यावरून उतरलं की कुर्ल्याचा कारखाना काही किलोमीटरवर. म्हणजे इथल्या वसाहतींत उभी असलेली फियाट आपल्या जन्मगावापासून सायकलच्या अंतरावर होती. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड होता, तिथं नाही मिळालं तर ऑपेरा हाऊस. वसाहतीत झाडाखाली मोकळी जागा होती आणि पाना धरता येणारे हात होते.

पण यावरून ‘जुन्या लोकांना कामाची हौस होती, आताचे आळशी’ असा निष्कर्ष काढू नका. आम्हाला तो मान्य नाही. त्या काळात गाडी बुक केली की वर्षानुवर्षं वाट बघायची. किमतीवर सरकारी नियंत्रण, आणि ते इतकं तापलं की १९६९ च्या किंमत-आदेशाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, आणि त्या खटल्याचं नावच ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार’. नवी गाडी मिळत नाही म्हटल्यावर असलेली टिकवणं भाग होतं. घरची दुरुस्ती ही टंचाईची लेक आहे. हौस तिला नंतर चिकटली.

आणि गाडीही तशी होती. पद्मिनीचं इंजिन लांबीत उभं, दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा. पुढं दोन बाजूंना दोन आधार, मागं गिअरबॉक्सखाली एक. काम असं चालायचं आणि आजही असंच चालतं. आधी तपासणी. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, बॉनेट उघडा. एकानं बाजूला उभं राहून बघायचं, समोर कुणी नाही. दुसऱ्यानं आत बसून पायब्रेक घट्ट दाबायचा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू, पकडेपर्यंतच सोडायचा. इंजिन थोडं कलणारच. पण एका बाजूनं उचललं जाऊन धप्पकन बसत असेल तर त्या बाजूचं फाउंडेशन फाटलंय. दुसरी खूण पंख्याची. पद्मिनीचा पंखा इंजिनावर आणि रेडिएटर बॉडीवर. इंजिन पुढं सरकलं की पाती रेडिएटरला घासतात. पंख्याचे ओरखडे दिसले की वेळ घालवू नका.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. जॅक ऑइल चेंबरखाली, पण मध्ये लाकडाची जाड फळी हवीच. चेंबर पत्र्याचा असतो. जॅकचं तोंड थेट टेकवलं तर तो आत चेपतो, आतली ऑइल ओढणारी जाळी तळाला टेकते, आणि रबर बदलायला गेलेला माणूस खरोखरच इंजिन घालवून बसतो. इंजिन उचलायचं ते फक्त वजन सुटेपर्यंत. पाण्याचे होज, सायलेन्सरचा पाइप, अॅक्सिलरेटरची दांडी यांवर ताण येतोय का बघत राहायचं. एका वेळी एकच फाउंडेशन काढायचं, नाहीतर इंजिन सरकतं आणि भोकं जुळवता जुळवता संध्याकाळ होते. नवं बसवलं की बोल्ट आधी हातानंच लावायचे. जॅक काढून इंजिन आपल्या वजनानं बसू द्यायचं, बॅटरी जोडून दोन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, मगच आवळायचं. आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि नवं असून थरथरतं. आणि एक गोष्ट ओरडून सांगतो : नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. घोडी लावा. घोडी नसेल तर काम पुढच्या रविवारी.

एक गंमत यात आहे. रबर विजेचंही वाट अडवतं. इंजिन रबरावर ठेवलं तेव्हा ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलं. म्हणून इंजिन ते बॉडी अशी एक जाड पट्टी, अर्थिंगची, द्यावी लागली. फाउंडेशन बदलताना ती काढली आणि लावायची राहिली तर स्टार्टरचा एवढा मोठा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या वायरमधून वाट काढतो आणि ती वायर तापून जळते. मग लोक वायरिंग शोधत बसतात.

टायरचा तुकडा कापून फाउंडेशनच्या जागी ठोकण्याचा जुगाड तुम्ही ऐकला असेल. टायरमध्ये धाग्यांचे थर असतात, ते रबराला ताणू देत नाहीत. गाडी घरी पोचवायला ठीक, पण थरथर जशीच्या तशी पत्र्यात.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फाउंडेशनचं कामच बदललं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. हिशेब करून बघा. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले तर चार सिलिंडरमध्ये सेकंदाला जवळजवळ सत्तावीस ठोके पडतात, तीनमध्ये वीस. ठोके जितके सावकाश तितकं ते अडवायला रबर मऊ हवं. पण दुसरीकडून मागणी उलटी. पद्मिनीत गिअरबॉक्सनंतरचा वाढीव पीळ मागचा अॅक्सल आणि त्याच्या पाट्या सोसत होत्या. आडव्या इंजिनात गिअर आणि डिफरेन्शियल एकाच खोक्यात, त्यामुळे पहिल्या गिअरमधला बारा-पंधरा पट झालेला सगळा पीळ फाउंडेशनवरच उलटतो. त्यासाठी रबर कडक हवं. मऊही हवं आणि कडकही. म्हणून आधारांची कामं वाटली गेली, एकानं वजन पेलायचं, दुसऱ्यानं पीळ रोखायचा, आणि पुढच्या गाड्यांत पोटात द्रव भरलेली फाउंडेशनंही आली. ती फुटली की काळं पाणी गळतं, आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. कामही अवघड झालं : बॅटरीचा ट्रे काढा, एअर फिल्टर काढा, मग कुठं बोल्ट दिसतो.

त्याच सुमारास पवईही बदलली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून मनोरे उभे राहिले, झाडाखालच्या गाड्या पोडियममध्ये गेल्या, आणि बऱ्याच सोसायट्यांनी आवारात दुरुस्तीला बंदी घातली. ऑइल सांडतं, हे कारण खोटं नाही. पण पुठ्ठा आणि परात ठेवली तर सांडत नाही, हेही खरं. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी आहे. टॅक्सीचं म्हणाल तर शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेनं ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली.

ज्यांच्याकडे खाजगी पद्मिनी किंवा जुनी मारुती अजून आहे त्यांच्यासाठी शेवटचं. दुकानदार ‘कंपनीचा जुना माल’ म्हणून पाकीटबंद फाउंडेशन दाखवतो तेव्हा भुलू नका. लोखंडाचा भाग तीस वर्षं पाकिटात राहिला तर नवाच असतो, रबर मात्र पाकिटातही म्हातारं होतं. नख दाबून बघा. खूण उमटून परत भरून आली तर घ्या, कडेला बारीक भेगा दिसल्या तर ठेवून द्या. नव्यानं बनवलेला चांगला माल त्यापेक्षा बरा. बसवल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासा, आणि गाडी फिटनेसला न्यायची असेल तर हे सगळं त्याच्या आधी करा.

मागे हात वर दिसतोय. विचारा.