एका शाळामास्तराचा व्यासंग

मनुष्याच्या अंगीं किती सामर्थ्य आहे याचा अंदाज आपण फार लवकर बांधतों. मुलगा सोळा वर्षांचा होतो न होतो तोंच त्याच्या परीक्षेच्या गुणांवरून त्याच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब घरांतल्या घरांत होऊन जातो. मुलीच्या बाबतींत तर तो पुष्कळदां त्याहूनही आधीं होतो. हा हिशेब किती घाईचा असतो, हें ज्यांच्या चरित्रावरून कळतें अशीं माणसें आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेलीं आहेत. त्यांपैकीं एकाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे. हे गृहस्थ माझ्याच धंद्यांतले, म्हणजे शाळामास्तर. आणि माझ्याचसारखे मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आमच्यांतील साम्य येथेंच संपतें. त्यांचें नांव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालच्या जुलै महिन्यांत, दापोली तालुक्यांतील मुरूड या गांवीं झाला. समुद्रकांठचें, नारळी-पोफळींच्या आगरांचें हें लहानसें गांव. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपणही याच गांवीं गेलें. ते दीक्षितांहून पांच वर्षांनीं लहान. गांवच्या मराठी शाळेंत दीक्षितांचें पहिलें शिक्षण झालें. पुढें पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत त्यांनीं शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १८७४ सालीं ते मॅट्रिक झाले. त्यापुढील विद्यापीठाची पदवी त्यांस मिळाली नाहीं. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें अशा ठिकाणीं त्यांनीं शिक्षकाची नोकरी केली आणि शेवटीं पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत ते शिक्षक झाले. नोकरीची हकीकत एवढीच. ती त्या काळच्या शेंकडों शिक्षकांची हकीकत आहे. तींत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं.

नवल आहे तें पुढेंच. त्या काळीं महाराष्ट्रांत पंचांगाचा मोठा वाद माजला होता. बहुतेक पंचांगें गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत. हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा. त्याची रीत फार सुटसुटीत, म्हणून तो घरोघरच्या जोशांच्या हातीं गेला. परंतु घड्याळ रोज अर्धा क्षण मागें पडलें तरी कांहीं वर्षांनीं तें तासाची चूक दाखवितें. तसें साडेतीनशें वर्षांत झालें, आणि पंचांगांतले ग्रह व आकाशांतले ग्रह यांच्यांत अंतर दिसूं लागलें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ पासून नव्या कोष्टकांवरून पंचांग काढण्यास आरंभ केला. विसाजी रघुनाथ लेले यांनीं त्यापुढें जाऊन निराळाच मुद्दा मांडला. वर्षाचा आरंभ ताऱ्यांवरून धरावयाचा कीं वसंतसंपातावरून, हा तो मुद्दा. पहिली पद्धति निरयन, दुसरी सायन.

हा भेद प्रत्येक घरांत दिसतो. आपण १४ जानेवारीच्या सुमारास तिळगूळ वाटतों आणि सूर्याचें उत्तरायण सुरू झालें असें म्हणतों. पण सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास. संपातबिंदु सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरकतो, त्यामुळें हें अंतर पडलें आहे, आणि तें वाढतच जाणार आहे. ऋतूंशीं सण जुळावेत असें वाटत असेल तर सायन मान घेतलें पाहिजे, असें लेल्यांचें म्हणणें. दीक्षितांना तें पटलें. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांनीं मिळून शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

अशा वादांत बहुतेक माणसें एक पक्ष धरतात आणि तेथेंच थांबतात. दीक्षित थांबले नाहींत. आपले पूर्वज वर्षाचें मान कोणतें धरीत? तें केव्हां बदललें? कोणत्या ग्रंथांत काय आहे, तो ग्रंथ कोणत्या काळचा, आणि त्यांतील गणित आकाशाशीं कितपत जुळतें? एका प्रश्नांतून दुसरा, दुसऱ्यांतून तिसरा असे प्रश्न निघत गेले, आणि त्यांचा माग काढतां काढतां वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतचा सारा ज्योतिषाचा इतिहास त्यांच्या हातीं आला. येथें ज्योतिष म्हणजे पत्रिका व भविष्य एवढाच अर्थ नव्हे. ग्रहगणित आणि कालगणना ही त्याची मुख्य बाजू.

या कामाला लागणारें साहित्य त्यांच्यापाशीं काय होतें? वेधशाळा नव्हती. तालुक्याच्या गांवीं मोठें ग्रंथालय नसे. बदली झाली कीं बिऱ्हाड हलवावें लागे. गणित करावयाचें तें हातानें, कागदावर; आणि एक आंकडा चुकला कीं पुनः पहिल्यापासून. संस्कृत ग्रंथांवांचून पाऊल पुढें पडत नव्हतें आणि इंग्रजी ग्रंथांवांचून तें ताडून पाहतां येत नव्हतें. या तिन्ही गोष्टी, गणित, संस्कृत आणि इंग्रजी, त्यांनीं कामास पुरतील इतक्या आपल्याशा केल्या, आणि त्या सर्व शिक्षकाची नोकरी सांभाळून.

या तयारीची खरी कसोटी लागली ती गुप्त संवताच्या प्रश्नावर. गुप्त राजांचे शिलालेख व ताम्रपट मिळाले होते, त्यांवर वर्षांचे आंकडेही होते. पण तीं वर्षें कोठून मोजावयाचीं यावर विद्वानांचें एकमत नव्हतें. कोणी म्हणत हा संवत म्हणजे शककालच. कोणी त्याचा आरंभ इ. स. १६६ च्या सुमारास नेत. कोणी ३१९ च्या सुमारास. म्हणजे गुप्तांचा काळ अडीचशें वर्षें पुढें-मागें होत होता. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचा कणाच त्यामुळें डळमळीत राहिला होता. फ्लीट साहेब या लेखांचा संग्रह तयार करीत होते. त्यांना ज्योतिषगणिताचें साहाय्य दिलें तें दीक्षितांनीं.

तें गणित कसें उपयोगीं पडतें याचें एकच उदाहरण देतों. मध्यप्रदेशांत सागरजवळ एरण येथें बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिति आहे. अल्बेरूणीनें लिहून ठेवलें आहे कीं गुप्तकाल शककालानंतर २४१ वर्षांनीं सुरू होतो. १६५ मध्यें २४१ मिळविले म्हणजे शके ४०६ होतात, आणि त्यांत ७८ मिळविले म्हणजे इ. स. ४८४. आतां त्या वर्षीं आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारीं पडली तें काढावयाचें. गणितानें दिवस येतो २१ जून ४८४, आणि वार येतो गुरुवार! वार हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. आरंभवर्ष चुकीचें धरलें तर तो सातांतून सहा वेळां तरी आपलें पितळ उघडें पाडतो. एक वार योगायोगानें जुळेल. पण अनेक लेखांतील मिति तपासून पाहिल्यावर योगायोगाला जागा उरत नाहीं. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रांतील संवत्सरांचीं नांवें येतात. तीं गुरूच्या उदयावरून दिलीं आहेत हें दीक्षितांनीं दाखविलें आणि त्यांवरूनही तोच काळ पक्का केला. १८८८ सालीं फ्लीट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यांत दीक्षितांचें हें काम समाविष्ट आहे. आज शाळेच्या पुस्तकांत गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० असा छापलेला असतो, त्यामागें एका मराठी शिक्षकाचें गणित उभें आहे.

पुढें १८९६ हें वर्ष आलें. त्या एका वर्षांत त्यांचे दोन मोठे ग्रंथ बाहेर पडले. एक, मद्रासकडील सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह इंग्रजींत लिहिलेला, लंडनला छापलेला कालगणनेचा ग्रंथ. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदी तिथींची इंग्रजी तारखांशीं सांगड घालणारीं कोष्टकें त्यांत आहेत. दुसरा, पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीचें पारितोषिक ज्यास मिळालें तो ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’. हा मराठींत आहे. पहिल्या भागांत वैदिक व वेदांग काळ, दुसऱ्यांत सिद्धांतकाळ. शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहींत असा उल्लेख आहे. त्यावरून तें वचन इ. स. पूर्वीं ३००० वर्षांच्या सुमाराचें असावें असें अनुमान त्यांनीं काढलें. या अनुमानावर पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु ग्रंथांतील वचन घेऊन तें आकाशाला विचारावयाचें, ही त्यांची रीत वादापलीकडची आहे.

हा ग्रंथ विद्वानांसाठीं झाला. सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं ‘ज्योतिर्विलास’ लिहिला आणि त्यास दुसरें नांव दिलें ‘रात्रीची दोन घटका मौज’. जेवणखाण आटोपल्यावर अंगणांत बसून तारे ओळखावेत, एवढी त्यांत अपेक्षा. शास्त्रांत इतका खोल गेलेला मनुष्य मुलाबाळांना हातीं धरून बाहेर आणतो, हें मास्तराचेंच लक्षण होय.

१८९८ सालच्या एप्रिलमध्यें दीक्षित पुण्यास वारले. वय अवघें चव्वेचाळीस. त्यांचा ग्रंथ मात्र मागें राहिला आणि हळूहळू दूर पोंचला. १९५७ सालीं त्याचें हिंदी भाषांतर प्रसिद्ध झालें. इंग्रजी भाषांतर केंद्र सरकारनें दोन भागांत, १९६९ व १९८१ सालीं छापलें. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा वर्षारंभ वसंतसंपाताशीं बांधलेला आहे. लेले, मोडक आणि दीक्षित ज्या सायन मानासाठीं झगडले, त्याच मानाला सरकारी व्यवहारांत अशी मान्यता मिळाली. सण मात्र आपण अजून जुन्या मानानेंच करतों.

आतां या इतिहासापासून घ्यावयाचें काय? प्रत्येक शिक्षक दीक्षित होईल असें मी म्हणत नाहीं. तसें सांगणें म्हणजे मुलांची फसवणूक होय. पण १८७४ सालीं मॅट्रिक झालेल्या त्या एकवीस वर्षांच्या तरुणाकडे पाहून, हा गुप्तांचा काळ ठरवील, असें कोणास सांगतां आलें असतें? त्याला स्वतःलाही तें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. अंगचें सामर्थ्य हें पेटींत ठेवलेल्या दागिन्यासारखें नसतें, कीं किल्ली लावली आणि दिसलें. तें विहिरीच्या पाण्यासारखें आहे. खणावें तसें लागतें. आणि किती खोल लागेल तें खणल्यावांचून कळत नाहीं.

दुसरें असें कीं दीक्षितांनीं खणलें तें एकाच जागीं. पुष्कळ हुशार माणसें दहा ठिकाणीं हात-हातभर खणतात आणि मग जमिनीला दोष देतात. यांनीं हातीं घेतलेला प्रश्न गांवोगांवच्या बदल्यांतूनही सोडला नाहीं. आणि तिसरें, ते एकटे नव्हते. लेल्यांनीं वाद उपस्थित केला, मोडकांनीं हात दिला, फ्लीटनीं काम दिलें. पदवी कोठें आहे असें फ्लीट विचारीत बसते, तर नुकसान इतिहासाचें झालें असतें. होतकरू मनुष्याला कोणी तरी विश्वासानें काम द्यावें लागतें; तो विश्वास देणें हें घराचें आणि समाजाचें कर्तव्य आहे.

आज पंचांगाचें गणित यंत्र एका क्षणांत करून देतें. एरणच्या त्या द्वादशीचा वार काढावयास आज दिवस घालवावा लागणार नाहीं. पण तो वार काढून पाहावा, हें सुचण्यासाठीं अजूनही मनुष्यच लागतो. आणि तें सुचतें तें वर्षानुवर्षें एका विषयाशीं राहिल्यावरच.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरांत कोणी परीक्षेंत मागें पडलें असेल, कोणाचें शिक्षण लग्नामुळें, आजारामुळें वा पैशाअभावीं थांबलें असेल, कोणी नोकरींतून निवृत्त होऊन रिकामें बसलें असेल, तर त्याचा हिशेब इतक्यांत मिटवूं नका. त्याला आवडीचा एक प्रश्न शोधूं द्या, रोजचा एक ठराविक तास मोकळा करून द्या, आणि वर्षभर तरी निकाल विचारूं नका.