नावेतून उतरलेले तिघे

मोहिमांचा इतिहास बहुधा पोहोचलेल्यांच्या बाजूने लिहिला जातो. जे शेवटच्या मुक्कामापर्यंत गेले त्यांची नावे शिळांवर कोरली जातात. जे वाटेत मागे फिरले त्यांच्यासाठी एखादा कठोर शब्द राखून ठेवलेला असतो. या रीतीत अन्याय होतो की काय, हे नुसत्या तत्त्वचर्चेने ठरणारे नाही. त्यासाठी एखादे प्रकरण कागदपत्रांसह तपासावे लागते. असे एक प्रकरण आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहोत. ते अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरचे असून १८६९ सालचे आहे. दहा माणसे चार लहान नावांतून निघाली आणि सहा माणसे दोन नावांतून पार पडली. अवघे दोन दिवस उरले असताना तिघे जण नावेतून उतरून डोंगर चढून गेले, ते पुन्हा सोबत्यांच्या दृष्टीस पडले नाहीत. या तिघांना पळपुटे म्हणावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम भूमी समजून घेतली पाहिजे. ग्रीन नदी उत्तरेकडील वायोमिंगमधून वाहत येते आणि पुढे कोलोरॅडोला मिळते. हे सारे पाणी शेकडो मैल उंच कड्यांच्या घळींतून जाते. त्यांतील सर्वांत मोठी घळ म्हणजे ग्रँड कॅनियन. तिची खोली काही ठिकाणी मैलाहून अधिक आहे. १८५७-५८ मध्ये लेफ्टनंट आइव्हज याने खालच्या बाजूने आगबोट घालून पाहिली; पण ती ब्लॅक कॅनियनपुढे जाऊ शकली नाही. त्यामुळे सरकारी नकाशावर मधला मोठा भाग कोराच राहिला होता. अर्थात तो कोरा होता तो गोऱ्या लोकांच्या नकाशावर. पाइयूट, हुआलापाई, हवासुपाई, होपी अशा लोकांची वस्ती व वहिवाट त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या होती, हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

हा कोरा भाग भरून काढण्याचे मेजर जॉन वेस्ली पॉवेल याने मनात घेतले. तो पस्तीस वर्षांचा भूगर्भशास्त्राचा अध्यापक होता. १८६२ साली शिलोच्या लढाईत गोळी लागून त्याचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला होता. त्याने शिकागोत चार नावा बांधविल्या. तीन ओकच्या, प्रत्येकी एकवीस फूट लांब. आणि चौथी पाइनची, हलकी, सोळा फुटांची. हिला त्याने पत्नीच्या नावावरून ‘एम्मा डीन’ हे नाव दिले. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी पुरा झाला होता. त्याच मार्गाने नावा ग्रीन रिव्हर स्टेशनावर आल्या आणि २४ मे रोजी पाण्यात लोटल्या गेल्या. बरोबर दहा महिन्यांची शिधासामग्री होती.

सोबती कोण होते? भाऊ वॉल्टर पॉवेल हा युद्धात शत्रूच्या कैदेत राहून आलेला. जॅक समनर हा डोंगरातील वाटाड्या व व्यापारी. ओरॅमेल हाऊलंड हा डेन्व्हरच्या वृत्तपत्रातला छापखान्याचा माणूस आणि सेनेका हाऊलंड हा त्याचा धाकटा भाऊ, गेटिसबर्गला जखमी झालेला. विल्यम डन हा शिकारी, जॉर्ज ब्रॅडली हा सैन्यातील सार्जंट, बिली हॉकिन्स स्वयंपाकी. अँडी हॉल हा विशीतला स्कॉटिश पोरगा, आणि फ्रँक गुडमन हा इंग्रज. यांतले नदीवर जन्म काढलेले जवळजवळ कोणीच नव्हते. समनर, डन आणि हाऊलंड बंधू यांनी आधीचा हिवाळा पॉवेलच्याच छावणीत काढला होता. तेव्हा ही पगारी फौज नव्हती. ओळखीच्या, परस्परांची पारख झालेल्या माणसांची ती टोळी होती. कामेही वाटून दिलेली होती: समनरकडे सेक्स्टंट, डनकडे वायुभारमापक, थोरल्या हाऊलंडकडे नकाशा. याचा अर्थ असा की पुढे जे तिघे उतरले त्यांपैकी दोघांच्या हाती मोहिमेचे शास्त्रीय काम होते.

नदीचे पात्र खडकांतून एकदम उतरते आणि पाणी फेसाळत धावते, अशा जागेला आपण खळाळ म्हणू. असे शेकडो खळाळ या वाटेवर होते. नावा सरळ धावण्यास चांगल्या, पण चटकन वळण्यास वाईट. वल्ही मारणाऱ्याची पाठ पुढे, त्यामुळे समोरचा खडक त्याला दिसायचा नाही. खळाळ फारच वाईट असला म्हणजे नावा दोरांनी धरून काठाकाठाने खाली सोडावयाच्या, किंवा सामान खांद्यावर घेऊन खडकांवरून वाहून न्यावयाचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लोडोर नावाच्या घळीत ‘नो नेम’ ही नाव खडकावर आपटून फुटली. तीत हाऊलंड बंधू आणि गुडमन होते. तिघेही वाचले; पण त्यांचे कपडेलत्ते, मोठा शिधा आणि तोवर काढलेले नकाशे वाहून गेले. फुटक्या नावेतून वायुभारमापक मिळाले, तेव्हा सर्वांनी आरोळी दिली. त्यांच्याबरोबर चोरून आणलेले दारूचे पिंपही सापडले, हे त्या आनंदाचे दुसरे कारण होते! जुलैच्या आरंभी गुडमनने निरोप घेतला. त्याला कोणी दोष दिला नाही, कारण तेथून वस्ती जवळ होती.

ऑगस्टमध्ये ग्रँड कॅनियन लागले तेव्हा शिध्याची अवस्था कठीण झाली होती. पीठ भिजून बुरसलेले, मांस नासले म्हणून टाकून दिलेले. उरले ते पीठ, वाळवलेली सफरचंदे आणि कॉफी. वर पाऊस, अंगावर धड कपडा नाही. २६ ऑगस्टला काठावर इंडियन लोकांचा एक मळा दिसला. त्यातले हिरवे भोपळे मंडळींनी न विचारता उचलले आणि शिजवून खाल्ले. ज्या मुलखाला ते अज्ञात म्हणत होते, तेथे दुसऱ्या कुणीतरी भोपळे लावलेले होते!

२७ ऑगस्टला जो खळाळ लागला तो पाहून सर्वच जण थबकले. त्या रात्री थोरला हाऊलंड पॉवेलकडे आला आणि म्हणाला की, नदी सोडून बाजूच्या घळीने वर चढावे. पॉवेलने हिशेब करून पाहिला. व्हर्जिन नदीचा संगम, म्हणजे मॉर्मन वस्तीची वाट, सरळ रेषेत सुमारे ४५ मैलांवर होती. नदीच्या वळणांनी ते अंतर बरेच अधिक भरणार होते. पीठ थोड्याच दिवसांचे उरले होते. पॉवेलने एकेकाला उठवून विचारले. पाच जण त्याच्याबरोबर राहिले. दोघे हाऊलंड आणि डन यांनी जाण्याचे ठरविले.

२८ ऑगस्टची सकाळ. तिघांना दोन रायफली आणि एक बंदूक दिली. हॉकिन्सने भाजलेल्या बिस्किटांचा वाटा त्यांच्यासाठी खडकावर ठेवला. मोहिमेच्या टिपणांची एक प्रत आणि पॉवेलचे पत्नीस लिहिलेले पत्र त्यांच्याजवळ दिले. समनरने आपले घड्याळ काढून दिले. आपण बुडालो तर ते बहिणीकडे पोचावे म्हणून. सहा माणसांना दोन नावा पुरेशा असल्यामुळे ‘एम्मा डीन’ काठावर बांधून ठेवली. तिघांनी नावा खडकांवरून उतरविण्यास हात लावला आणि मग ते कड्यावर उभे राहून पाहू लागले. दोन्ही नावा खळाळातून सुखरूप निघाल्या. खालून बंदुकीचे बार काढून त्यांना खूण केली, थोडा वेळ वाट पाहिली. ते आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी, २९ ऑगस्टला, नावा कड्यांतून बाहेर पडल्या, आणि ३० तारखेला व्हर्जिन नदीच्या मुखाशी जाळी टाकून बसलेले मॉर्मन लोक भेटले. त्यांना वरून हुकूम होता की, मोहिमेचे काही अवशेष वाहत आले तर पाहावे! निघाल्यापासूनचा तो नव्व्याण्णवावा दिवस होता.

आता साधनांकडे वळू. पॉवेलचा प्रसिद्ध वृत्तांत १८७५ साली छापला गेला. तो रोजनिशीच्या स्वरूपात आहे, पण ती त्या दिवसांत लिहिलेली रोजनिशी नव्हे. १८७१-७२ मध्ये पॉवेलने दुसरी मोहीम काढली होती. तिच्यातील कित्येक गोष्टी त्याने १८६९ च्या हकिकतीत मिसळल्या आणि दुसऱ्या मोहिमेतील सोबत्यांची नावे मात्र गाळली. एकच उदाहरण देतो. एका कड्यावर एकहाती पॉवेल अडकला असता ब्रॅडलीने आपली चड्डी काढून दोरासारखी खाली सोडली आणि त्याला वर घेतले. वृत्तांतात ही गोष्ट १८ जूनला घडते. ब्रॅडलीच्या स्वतःच्या रोजनिशीत ती ८ जुलैची आहे, आणि जागाही निराळी आहे.

महाराष्ट्रात हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतील अंतर आपल्या वाचकांच्या अंगवळणी पडले आहे. बखर खोटीच असते असे नव्हे. ती मागाहून, परिणाम ठाऊक असताना लिहिलेली असते. पॉवेलचा वृत्तांत ही त्या नदीची बखर आहे. अस्सल कागद म्हणजे पॉवेल, समनर आणि ब्रॅडली यांनी वाटेतच लिहिलेल्या रोजनिश्या. त्या १९४७ साली युटा राज्याच्या ऐतिहासिक त्रैमासिकात एकत्र छापल्या गेल्या. ब्रॅडली तर इतरांपासून लपवून लिहीत असे. त्याला कोणाची मर्जी राखावयाची नव्हती.

हे कागद काय सांगतात? पॉवेलच्या त्या दिवसाच्या टिपणात मुलांनी आपल्याला सोडले एवढाच उल्लेख आहे; एकही दोषाचा शब्द नाही. ब्रॅडली लिहितो की, ते सद्भावनेने गेले आणि त्यांच्या जाण्याने आम्हांस हळहळ वाटते. बखरीचा सूरही या बाबतीत कठोर नाही: निरोपाच्या वेळी डोळे पाणावले, आणि दुसरी बाजूच मरणाच्या वाटेने चालली आहे असे प्रत्येक बाजूस वाटत होते, असेच पॉवेल सांगतो.

मग तक्रारीचा सूर कोठून आला? समनर आणि हॉकिन्स यांनी सुमारे चाळीस वर्षांनंतर ज्या आठवणी सांगितल्या त्यांतून. डन पाण्यात पडला तेव्हा त्याच्याजवळचे मेजरचे घड्याळ बिघडले, त्याची भरपाई मागण्यात आली आणि तंटा पेटला, असे हॉकिन्स म्हणतो. या आठवणी रॉबर्ट स्टँटन याने जमविल्या. त्या १९३२ साली पुस्तकरूपाने निघाल्या. नावा अरुंद, अन्न थोडे आणि वरिष्ठ हुकमी स्वभावाचा. तेव्हा खटके उडाले असतील यात नवल नाही. पण तंटा हेच जाण्याचे कारण होते, असे त्या दिवसांचे कागद म्हणत नाहीत. एका बाजूने तिघांना भित्रे ठरविणारे आणि दुसऱ्या बाजूने पॉवेलला जुलमी ठरविणारे, दोघेही मागाहूनच्या साक्षींवर विसंबतात.

त्यांचा अंदाज चुकला हे खरे, पण तो मूर्खपणाचा नव्हता. वीस वर्षांनी, १८८९ साली, याच नदीवर लोहमार्गाच्या पाहणीसाठी गेलेल्या तुकडीतले तिघे जण बुडून मेले. त्यांत खुद्द कंपनीचा अध्यक्ष फ्रँक ब्राऊन होता. या दुर्घटनेतून वाचून पाहणी पुरी करणारा स्टँटन हाच वर सांगितलेला संग्राहक. नदी माणसे मारीत होती. हाऊलंडने तिला भिऊन चूक केली असे म्हणणाऱ्याने आधी हे आकडे पाहावेत.

त्या तिघांचे पुढे काय झाले? सप्टेंबर १८६९ मध्येच तारेने बातमी आली की, इंडियनांनी त्यांना मारले. १८७० साली पॉवेल मॉर्मन वाटाड्या जेकब हॅम्बलिन याच्यासह शिव्विट पाइयूटांना भेटला. नदीपलीकडील एका स्त्रीवर अत्याचार करणारे खाणवाले ते हेच, अशा समजुतीने आम्ही त्यांना मारले, असे त्यांनी सांगितल्याचे हॅम्बलिनने पॉवेलला कळविले. पॉवेलने सूड घेतला नाही, हे त्याला भूषणावह आहे. पण ही कबुली एकाच दुभाष्याच्या तोंडून आलेली आहे. प्रेते कधीच मिळाली नाहीत. मॉर्मन वस्तीतच त्यांचा घात झाला असावा असे सुचविणारे १८८३ चे एक पत्र विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आले, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. तेव्हा येथे आणखी एका समाजाची अब्रू गुंतलेली आहे, हे इतिहासकाराने विसरू नये.

१९१८ साली ग्रँड कॅनियनच्या काठावर पॉवेलच्या स्मारकाचे उद्‌घाटन झाले. सोबत्यांच्या नावांत हाऊलंड बंधू आणि डन यांची नावे घातली गेली नाहीत. पळून गेलेल्यांना मान कशाला, असे मत धरणाऱ्यांत फ्रेडरिक डेलेनबॉ हा प्रमुख होता. तो दुसऱ्या मोहिमेतला. २८ ऑगस्टच्या सकाळी तो त्या काठावर नव्हता. जे होते, त्यांपैकी एकाने आपले घड्याळ त्या तिघांच्या हाती विश्वासाने दिले होते. १९३९ साली ते ज्या जागी उतरले तेथे त्यांच्या नावाची पाटी बसविण्यात आली. मूळ खळाळ मात्र तोवर हूव्हर धरणाच्या पाण्याखाली जाऊ लागला होता.

आमचा निष्कर्ष असा. हजार मैलांच्या वाटेपैकी बहुतेक सगळी वाट ज्यांनी वल्ही मारून, ओझी वाहून, उपाशी राहून ओलांडली, ज्यांच्या हातच्या मापांवर नकाशा उभा राहिला, त्यांना शेवटच्या दोन दिवसांवरून तोलणे हा इतिहासाचा न्याय नव्हे. ३० ऑगस्टला काय घडणार हे २८ ऑगस्टला कोणालाच ठाऊक नव्हते. आपण मात्र ते जाणून वाचतो, आणि आपल्या ज्ञानाचे ओझे त्यांच्या माथी मारतो. पार पडलेल्या सहांचे धैर्य मोठे होते. ते सांगण्यासाठी उतरलेल्या तिघांना लहान करण्याचे कारण नाही. ओरॅमेल हाऊलंड, सेनेका हाऊलंड आणि विल्यम डन ही नावे त्या मोहिमेच्या यादीत इतरांच्या बरोबरीने असली पाहिजेत, एवढे म्हणून हे विवेचन पुरे करतो.