इनानाचे पाताळगमन

सुमारे ४०० ओळींचे सुमेरी कथाकाव्य आणि आधुनिक संगीतनाट्याला विषय पुरवणारी आख्यायिका. इनाना ही आजच्या दक्षिण इराकमधील उरुक नगरीची देवता. प्रेम, युद्ध आणि शुक्राचा तारा ही तिची क्षेत्रे. काव्याच्या मातीच्या पाट्या इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभीच्या असून त्यांतील बऱ्याच निप्पूर येथे मिळाल्या. पाठ जुळवण्याचे मुख्य श्रेय सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युएल नोहा क्रेमर यांचे. त्यांनी तो प्रथम १९३७ मध्ये प्रसिद्ध केला आणि नवे तुकडे हाती येत गेले तसा पुढे सुधारला. एका पाटीचा वरचा भाग इस्तंबूलच्या संग्रहालयात, तर खालचा फिलाडेल्फियाला होता. दोन्ही एकाच पाटीचे आहेत हे कळले तेव्हा कथेचा मोठा खंड सलग वाचता आला.

सावित्री यमाच्या मागे जाते ती सत्यवानासाठी. इनाना मात्र कुणालाही सोडवायला निघत नाही. स्वर्गाची ही राणी आपली देवळे सोडते, सगळा साज चढवते आणि बहीण एरेश्किगाल हिच्या राज्यात उतरते. बहिणीच्या नवऱ्याच्या उत्तरक्रियेला आले आहे, असे ती द्वारपाल नेतीला सांगते. निघण्यापूर्वी सेविका निन्शुबूर हिला तिने बजावलेले असते : मी परतले नाही तर शोक कर, डंका वाजव, एन्लिल, नन्ना आणि एन्की या देवांच्या दारी जा. सात दारांवर तिचा एकेक अलंकार काढून घेतला जातो. आधी शिरोभूषण, मग गळ्यातले निळे मणी आणि पुढे एकेक करत शेवटी अंगावरचे राजवस्त्र. प्रत्येक दारी ती कारण विचारते आणि प्रत्येक दारी तिला गप्प राहायला सांगितले जाते. नग्नावस्थेत पोहोचलेल्या इनानाला सात न्यायाधीश मृत्युदंड देतात आणि तिचे प्रेत खुंटीला टांगले जाते.

तीन दिवस, तीन रात्री उलटल्यावर निन्शुबूर देवांकडे जाते. एन्लिल आणि नन्ना हात झटकतात. एन्की नखांतल्या मळापासून कुर्गारा आणि गलातुरा असे दोन जीव घडवतो. त्यांच्याकडे शस्त्र नसते. पाताळात एरेश्किगाल बाळंतिणीसारखी कण्हत पडलेली असते. ती पोटातल्या कळांनी विव्हळली की हे दोघे तिचेच विव्हळणे तिला परत ऐकवतात. ती पाठीसाठी कण्हली की तेही तसेच कण्हतात. आपले दुःख कुणीतरी ऐकले, एवढ्यानेच ती विरघळते आणि नदीभर पाणी, शेतभर धान्य देऊ करते. ते मागतात फक्त खुंटीवरचे प्रेत. संजीवक वनस्पती आणि पाणी यांनी इनाना उठते. कथेचा सर्वांत मोठा प्रसंग हाच आहे : मृत्यूची राणी इथे प्रतिध्वनीने जिंकली जाते.

बदली जीव दिल्याखेरीज पाताळातून सुटका नाही, म्हणून इनानासोबत यमदूतही वर येतात. आपल्यासाठी शोक पाळणाऱ्यांना ती वाचवते. पती दुमुझी मात्र उंची वस्त्रे लेवून आरामात बसलेला आढळतो आणि ती त्यालाच यमदूतांच्या हवाली करते. अखेर तो अर्धे वर्ष आणि त्याची बहीण गेश्तिनन्ना अर्धे वर्ष पाताळात राहील, असे ठरते. काव्याचा शेवट एरेश्किगालच्या स्तुतीने होतो. अक्कादी भाषेतली इश्तारची कथा याच धाग्याची, पण बरीच आटोपशीर आहे.

या काव्याची चाल उरलेली नाही. सुमेरमध्ये शोकगायक पुरोहितांचा स्वतंत्र वर्ग होता. विलापगीते एमेसाल या वेगळ्या बोलीत गायली जात, आणि गलातुरा त्याच वर्गाशी नाते सांगतो. वाद्यांबद्दल माहिती अधिक ठोस आहे. १९२० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली यांना ऊर या सुमेरी नगरीतील राजघराण्याच्या दफनभूमीत बैलाच्या शिराची तंतुवाद्ये सापडली. एका वाद्याचे लाकूड पार कुजले होते. मातीत राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून वुलींनी त्याचा आकार मिळवला. आकार हाती आला, पण नाद पुन्हा कल्पावाच लागतो.

म्हणूनच इलेक्ट्रोअकूस्टिक संगीतनाट्याला, म्हणजे जिवंत गायनाला मुद्रित किंवा विद्युत साधनांनी घडवलेल्या नादाची जोड देणाऱ्या प्रकाराला, ही कथा विलक्षण मानवते. कण्हण्याला उत्तर देणारे कण्हणे लाउडस्पीकरमधून, गायिकेच्याच किंचित उशिरा परतणाऱ्या आवाजातून उभे करता येते. सात दारांवर आवाजातला एकेक स्वरांश गाळत नेला तर शेवटी उघडा, रंगहीन सूर उरतो. वेशभूषा उतरवण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक ठरेल.

पाताळयात्रेशी या कलेचे नाते जुनेच आहे. प्येर शेफर आणि प्येर आंरी यांचे ‘ऑर्फे ५३’ हे ध्वनिफितींवरचे नाट्य १९५३ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन महोत्सवात सादर झाले आणि त्यावरून गदारोळ उठला. हॅरिसन बर्टविसल यांच्या ‘द मास्क ऑफ ऑर्फियस’ (लंडन, १९८६) या ऑपेरातील विद्युत-नाद बॅरी अँडरसन यांनी पॅरिसच्या इर्काम संस्थेत घडवले. या दोन्ही कृतींची कथा ग्रीक आहे : मृत पत्नीला परत आणायला पाताळात उतरणाऱ्या गायक ऑर्फियसची. सुमेरी कथेला नवा वाचकवर्ग मिळाला तो क्रेमर आणि कथाकथनकार डायन वोल्कस्टाइन यांच्या १९८३ च्या इंग्रजी पुस्तकामुळे. डच संगीतकार लुई आंद्रीसेन यांनी चित्रपट-दिग्दर्शक हॅल हार्टली यांच्यासह २००३ मध्ये ‘इनाना’ हे संगीतनाट्य केले. त्यात गायक, नट, सॅक्सोफोन आणि चित्रपट एकत्र येतात. यॉर्ग विडमान यांच्या ‘बाबिलोन’ (म्युनिक, २०१२) या ऑपेरात इनाना पाताळात जाते ती प्रियकराला परत आणण्यासाठी. रंगमंचावर हे सोयीचे आहे, पण त्यामुळे ती ऑर्फियसच्या वाटेवर जाते आणि स्वतःच्या हिमतीवर, स्वतःसाठी मृत्यूचे दार ठोठावणारी मूळ काव्यातली इनाना हरवते.